वर्धा, नागपूर, पोर्टलंड, चापिंगो

तरुणपणी एकट्याने केलेल्या परदेशवारीच्या आठवणी आपल्याकडे पुष्कळ छापून येतात. बहुतेक मुशाफिर उन्हाळा संपला की परततात, नोकरीला लागतात आणि उतारवयात त्या तीन महिन्यांचं चऱ्हाट वळत बसतात. नागपूरचे पांडुरंग सदाशिव खानखोजे या मापात बसत नाहीत. ऐन विशीत बाहेर पडलेला हा मुलगा कायमचा घरी परतला तो सत्तरी ओलांडल्यावर, आणि तेव्हा मागे वळून पाहायला त्याच्याजवळ एक नव्हे, तीन खंड होते.

जन्म 1884चा, वर्ध्याचा. पुढच्या शिक्षणाला नागपूर. टिळकांच्या राजकारणाने भारलेली ती पिढी, आणि परदेशी जाऊन लष्करी शिक्षण घ्यायचं हे खूळ त्याच वातावरणातलं. 1905 साली जपानने रशियाला हरवल्यावर आशियातल्या पोरांचे डोळे टोकियोकडे लागले होते. आपल्याकडची मुलं तिथे काच, काडेपेटी, साबण असं काही शिकायला जात. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याला आकार देणारे ईश्वरदास वार्ष्णेयही जपानमध्ये शिकून आले होते. खानखोजे आधी जपानला गेले आणि तिथून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले.

त्या काळी हिंदुस्थानातून निघायला पासपोर्टची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धात आली आणि 1920च्या कायद्याने कायमची झाली. बोटीच्या भाड्याची सोय आणि जिवाचा धडा, एवढ्यावर माणूस निघू शकत होता. पुढे 1970च्या दशकात परदेशी निघालेल्या पोराला सरकार खर्चाला आठ डॉलर देई. तेव्हाच्या मानाने 1907चं जग मोकळंच म्हणायचं. पण कागद मागत नव्हते म्हणून कुणी स्वागत करत होतं असंही नाही.

चरित्रकारांनी या प्रवासातली बंदूक बारकाईने पाहिली. मला कुतूहल आहे ते खिशाचं. घरून पैसा येणार नाही, सरकारी शिष्यवृत्ती नाही, तर हा मुलगा जगला कशावर? त्याचं उत्तर किनाऱ्यावरच्या बाकीच्या हिंदी विद्यार्थ्यांच्या उत्तरापेक्षा वेगळं नव्हतं. कॉलेजला सुट्टी लागली की मळे आणि लाकूडगिरण्या. फळं तोडायची, द्राक्षं खुडायची, नाहीतर ओरेगॉनकडे जाऊन फळ्या उचलायच्या. गिरणीत दिवसाला दोन डॉलरच्या आसपास मजुरी पडे. डॉलरला तेव्हा तीन रुपयांच्या वर भाव होता, म्हणजे दिवसाला सहा रुपये. आपल्याकडे तेवढ्यासाठी मजुराला कित्येक दिवस राबावं लागे. उन्हाळाभर हाडं झिजवली की पुढच्या सत्राची फी, खोलीचं भाडं आणि पाव-दुधाची बेगमी व्हायची.

शहरंही धड नव्हती. सान फ्रान्सिस्को 1906च्या एप्रिलमध्ये भूकंपाने हादरलं आणि मागोमाग लागलेल्या आगीत जळालं. पुढची काही वर्षं तिथे बांधकामच चाललं होतं. उत्तरेला बेलिंगहॅम गावात 4 सप्टेंबर 1907 रोजी गोऱ्यांच्या जमावाने लाकूडगिरण्यांतल्या हिंदी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. 1910च्या मार्चमध्ये पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्सला तसाच प्रकार झाला. मजूर बहुतेक पंजाबी शीख, पण जमावाच्या लेखी सगळेच ‘हिंदू’. जात, प्रांत, बोली यांचा घरी पाळलेला सगळा हिशेब तिथे एका झटक्यात निकालात निघाला. वर्ध्याच्या मराठी मुलाला पंजाबी भाऊबंद मिळाले ते असे, सभेतल्या व्याख्यानातून नव्हे, गिरणीच्या आवारात.

एकट्याचा प्रवास हा शब्दच मला इथे थोडा फसवा वाटतो. निघताना माणूस एकटा असतो खरा, पण पोटासाठी काम धरलं की एकटेपण टिकत नाही.

या काळात त्यांची दुहेरी शिकवणी चालली होती. सान राफाएलच्या माउंट टॅमालपाइस मिलिटरी अकॅडमीत कवायत आणि शस्त्रं, आणि पुढे वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात शेती. पहिलं ज्यासाठी घर सोडलं ते. दुसरं, म्हटलं तर, पडदा. 1913 साली ओरेगॉन-कॅलिफोर्नियातल्या मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी गदर पक्ष उभारला. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ लेखणी सांभाळायला, आणि लष्करी तयारीची जबाबदारी खानखोजे यांच्याकडे. 1 नोव्हेंबर 1913 ला सान फ्रान्सिस्कोहून पक्षाचं ‘गदर’ हे वृत्तपत्र निघालं. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे याच मंडळीतला. तो हिंदुस्थानात परतला, पकडला गेला आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभासोबत फासावर गेला.

खानखोजे दुसऱ्या वाटेने गेले. युद्धकाळात इस्तंबूल, बगदाद, इराण; पुढे बर्लिन; 1921 साली बर्लिनहून मॉस्कोला गेलेल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गटातही ते होते. इराणातल्या लढाया आणि तुरुंगातली सुटका यांवर स्वतंत्र पुस्तक होईल. वीणा गवाणकरांचं मराठी चरित्र आणि खानखोजे यांची मुलगी सावित्री साहनी यांचं इंग्रजी पुस्तक जिज्ञासूंनी जरूर वाचावं. इथे सांगायचं ते इतकंच, की या सगळ्या धामधुमीनंतर हातात उरलं काय, तर पडदा म्हणून घेतलेली शेतकीची पदवी.

1924च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले. तिथली क्रांती नुकतीच निवली होती आणि जमीनवाटपाचं वारं जोरात होतं. मेक्सिको शहराजवळ चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत त्यांना प्राध्यापकी मिळाली. विषय वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधारणा. मका हे तिथलं मुख्य अन्न, तेव्हा त्यांचं बहुतेक काम मक्यावर. मक्याचा रानटी नातलग म्हणजे तेओसिंते हे गवत. त्याच्याशी संकर करून कणखर वाण मिळतो का, हे ते पाहत होते. छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कणसांची छायाचित्रं काढली. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी फुकट शेतकी शाळा चालवल्या, आणि त्यातूनच चित्रकार दिएगो रिव्हेराशी ओळख वाढली.

शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराने 1928 साली एक चित्र रंगवलं. मोठं मेज आहे, भोवती नाना तोंडवळ्यांची माणसं आणि पोरं बसली आहेत, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई उभी आहे. मेजाच्या टोकाशी बसलेला माणूस भाकर मोडून वाटायच्या बेतात आहे. सावळा, शांत, अजिबात योद्ध्यासारखा नव्हे. ते खानखोजे. वैदर्भीय माणसाला पहिल्या नजरेत तो घरचा वाटतो, हे माझं मत पक्षपाती असेल.

देश स्वतंत्र झाला. मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं, आणि व्हिसा नाकारला गेला! इंग्रजांनी केलेली काळी यादी नव्या सरकारच्या कपाटात जशीच्या तशी होती. ज्या राज्याविरुद्ध बंड केलं ते गेलं, तरी त्याचा शेरा फाइलीत शाबूत. खटपट झाली, मनाई उठली आणि 1949 साली ते आले. पुढे 1950च्या दशकात बेल्जियन पत्नीसह त्यांनी नागपुरात बिऱ्हाड थाटलं.

उतारवयातल्या आठवणींचं एक असतं, घटना ठळक राहतात, सन-सनावळ्या सरकतात. खानखोजे यांच्या जन्मसालापासूनच चरित्रांत मतभेद आहेत. भूमिगत माणसाने रोजनिशी ठेवायची नसते, नावं बदलायची असतात. मग त्याच्या म्हातारपणी इतिहासकारांनी पुरावे मागावेत हे थोडं गमतीचंच. 22 जानेवारी 1967 रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला तो 2022च्या सप्टेंबरमध्ये; अनावरणाला लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला गेले होते.

खानखोजे यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1966 साली, भारताने मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं आणि हरितक्रांतीने वेग घेतला. त्या गव्हाचं श्रेय नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, त्यात खानखोजे यांना ओढूनताणून बसवण्याचं कारण नाही. पण मेक्सिकोच्या मातीत बियाण्यावर अनेक वर्षं काम केलेला प्रोफेसर त्या साली नागपुरात हयात होता, एवढं या शहराने लक्षात ठेवायला हरकत नसावी.