सैनिकाचें घर आणि घरांतील बंदूक

सैनिकाचा हात शस्त्रावर बसलेला असतो. त्यामुळें रजेवर आलेल्या किंवा निवृत्त झालेल्या सैनिकास घरीं बंदूक बाळगण्यास कोणाची परवानगी लागत नसावी, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज चुकीचा आहे. पलटणींतील रायफल सरकारची असते, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याचें ४५ वें कलम सैनिकास जी मोकळीक देतें ती कर्तव्यापुरतीच. घरासाठीं स्वतःचें शस्त्र घेतांना तो इतरांसारखाच एक नागरिक ठरतो.

जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे व आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्ताकडे त्यानें अर्ज करावयाचा असतो. पोलीस चौकशी त्यासही चुकत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात. वडिलोपार्जित बंदूकही त्या दोहोंतच मोजली जाते. परवान्याची मुदत मात्र ३ वर्षांची ५ वर्षें झाली.

शस्त्राच्या निवडींतही सैनिकी सवय फारशी उपयोगी पडत नाहीं. ०.३०३ ची रायफल व ९ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाहींत. राहतात तीं मुख्यतः तीन: ०.३१५ ची रायफल, ०.३२ चें रिव्हॉल्व्हर आणि १२ बोअरची बंदूक. रायफलीची गोळी पातळ भिंत भेदून शेजारच्या घरांत जाऊं शकते. दाट वस्तींत ती घेणें धोक्याचें. रिव्हॉल्व्हर आटोपशीर खरें. परंतु आखूड नळीमुळें नेम साधण्यास सराव फार लागतो, आणि तें लहान मुलाच्या हातींही सहज मावतें. १२ बोअरची बंदूक दोन्ही हातांनीं स्थिर धरतां येते व तिच्या छर्र्यांचा जोर रायफलीच्या गोळीपेक्षां लवकर ओसरतो. तथापि खोलीच्या अंतरांत छर्रे फारसे पसरत नाहींत. तेव्हां नेम न धरतां चालेल, ही कल्पना खोटी आहे.

परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. रात्रीं घर फोडून आंत शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क प्राण घेण्यापर्यंत जाऊं शकतो. परंतु ३७ व्या कलमाप्रमाणें जरुरीपेक्षां अधिक इजा करतां येत नाहीं. रिकाम्या हातीं बाहेर पळालेल्या चोरावर मागून गोळी झाडणारा गुन्हेगार ठरूं शकतो. रणांगणावरील शत्रू आणि अंगणांतील चोर यांना कायदा एका मापानें मोजीत नाहीं.

नोकरींत असलेल्या सैनिकापुढें याहून मोठा प्रश्न असतो. साताऱ्याजवळील अपशिंगे (मिलिटरी) यासारख्या गावांतून घरचा कर्ता पुरुष वर्षांतील बहुतेक दिवस सीमेवर असतो. परवाना त्याच्या नांवाचा असतो. तो पत्नीस किंवा भावास आपोआप लागू होत नाहीं. म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठीं बंदूक घेतली, त्यांस ती वापरण्याचा अधिकार नाहीं, आणि कपाटांत ती आहे हें मात्र सर्वांस ठाऊक! अशा घरीं मजबूत दार, चांगला दिवा व जागता शेजार हेंच खरें संरक्षण. बंदूक असलीच तर ती रिकामी करून कुलपांत व काडतुसें वेगळ्या कुलपांत ठेवावीं. आणि रजा संपतांच ती परवानाधारक दुकानदाराकडे सुरक्षित ठेव म्हणून देऊन पावती घ्यावी.