कॉलम सापडत नाही, म्हणून फाइल करप्ट?

लासलगाव-पिंपळगावच्या कांदाभावांची फाइल रोज एक्सेलमध्ये ओढून घेणारी कार्यालयं नाशकात पुष्कळ. रिफ्रेश करताना ‘अमुक कॉलम सापडला नाही’ असं आलं, की ‘फाइल करप्ट झाली’ हा निकाल तिथे ठरलेला. मग एक्सेल पुन्हा टाका, कॉम्प्युटर फॉरमॅट करा! कशासाठी? बिघडलेलं काहीच नसतं. हा डेटा ओढून आणते ती एक्सेल 2016 पासून अंगभूत असलेली पॉवर क्वेरी; ती मूळ फाइल नुसती वाचते, तिच्यात काही लिहीत नाही. आणि कॉलम ओळखते तो नावावरून, अक्षर न् अक्षर जुळवून. जोडणी केली तेव्हा नाव ‘सर्वसाधारण दर’ होतं, पाठवणाऱ्याने आज ‘सरासरी दर’ केलं, की ती थांबणारच. बहुतेकदा अडतं ते कॉलमांचे डेटाप्रकार ठरवणाऱ्या ‘चेंज्ड टाइप’ या पायरीवर. ती एक्सेलने परस्पर घातलेली असते, आणि त्या दिवशीच्या सगळ्या कॉलमांची नावं तिच्यात लिहिलेली असतात, तुम्ही कधीच न वापरलेल्यांचीसुद्धा.

‘पण शीर्षक तर तेच दिसतंय,’ हा पुढचा आक्षेप. दिसू दे. शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी पॉवर क्वेरीच्या लेखी ते नाव वेगळं. इंग्रजी शीर्षकात लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही. मराठीत तर आणखी पंचाईत. ‘शेतकऱ्याचे नाव’मधला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. क्वेरी एडिटरमध्ये पायऱ्यांवर वरून खाली क्लिक करत जा. ज्या पायरीवर एरर पहिल्यांदा दिसेल, तिच्या आधीच्या पायरीतलं शीर्षक कॉपी करा आणि एरर आलेल्या पायरीच्या फॉर्म्युला बारमध्ये जुन्या नावाच्या जागी पेस्ट करा. तिथे ‘कॉलम1, कॉलम2’ दिसत असेल, तर पाठवणाऱ्याने बहुधा वर एखादी ओळ वाढवली आहे. ती आधी काढा. आपोआप आलेली ‘चेंज्ड टाइप’ काढून, लागतात तेवढ्याच कॉलमांना शेवटी प्रकार दिलेला बरा.

रिफ्रेश फसला की जुना डेटा जातो, असंही म्हणतात. शीटवर मागचा डेटा तसाच राहतो. फॉर्म्युल्यात ‘मिसिंगफील्ड.इग्नोअर’, म्हणजे ‘कॉलम नसेल तर सोडून दे’, लिहिलं की प्रश्न मिटला, हे शेऱ्याच्या कॉलमपुरतं ठीक. दराचाच कॉलम असा गुपचूप वगळला गेला तर काय करणार? आणि एरर नाही म्हणजे सगळं आलं, हा तर सर्वांत महागात पडणारा समज. सीएसव्ही जोडताना कॉलमांची संख्या सोर्सच्या पायरीतच लिहिली जाते. तिथे सात असेल आणि उद्या उजवीकडे आठवा कॉलम वाढला, तर तो येतच नाही, तक्रारही होत नाही. कॉलमसंख्येचा तो पूर्ण भागच तिथून काढून टाका.