रास्पाइट : एकाच द्रव्याचे दुसरे रूप

कलाशाखेच्या वार्षिकात खनिज कशाला, असे कोणी विचारील. पण रास्पाइटची कथा एका चुकीपासून सुरू होते. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे 1883 साली चार्ल्स रास्प या, मेंढ्यांच्या कुरणाची कुंपणे राखणाऱ्या माणसाने एक टेकडी कथिलाची समजून खाणकामासाठी आपल्या नावे नोंदविली. निघाले शिसे आणि रुपे! तेथेच सापडलेल्या एका दुर्मिळ खनिजाला 1897 मध्ये त्याचे नाव मिळाले.

शिसे, टंगस्टन आणि प्राणवायू हे त्याचे घटक. स्टोल्झाइट या खनिजाचेही तेच, आणि त्याच प्रमाणात! म्हणून रासायनिक पृथक्करणाने दोघे वेगळे ओळखता येत नाहीत. भेद आहे तो अणूंच्या मांडणीत. दोन्ही हिऱ्यासारखी चमकतात, पाण्याच्या आठपटींहून जड असतात, चाकूने सहज ओरखडली जातात. मात्र स्टोल्झाइटचे स्फटिक बहुधा दोन्ही टोकांना निमुळते. रास्पाइटचे पिवळसर तपकिरी, लांबट, रेघाळ आणि एका दिशेने अगदी सपाट फुटणारे. शंका उरल्यास क्ष-किरणांनी निर्णय होतो. तापवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. सुमारे 400 अंशांवर रास्पाइटचे स्टोल्झाइट बनते, ते निवल्यावरही पूर्ववत होत नाही.

टंगस्टनचा साठा म्हणून या इवल्या खड्याला काहीच मोल नाही. संग्राहक पैसे मोजतो ते मांडणीचे. खडा मूळ दगडावर, न घासता टिकलेला हवा आणि सोबत खाणीचे नाव लिहिलेली जुनी चिठ्ठी हवी. चिठ्ठी हरवली असेल, तर जाणकारही हात आखडता घेतात.