‘ओके’ म्हणजे ‘छान’ नव्हे

अमेरिकी यादवी युद्धात ज्या दिवशी एकही सैनिक मरत नसे, त्या दिवशी छावणीतल्या फळ्यावर शून्य आणि ‘के’ लिहीत, म्हणजे ‘शून्य ठार’, आणि त्यातून ‘ओके’ आलं. ही गोष्ट इतकी नेटकी आहे की तारीख बघायचं कुणाला सुचत नाही. यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटलं. ‘ओके’ त्याआधी २२ वर्षं छापून आलं होतं, २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये.

तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम होती. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सगळं बरोबर’. त्यातल्या ‘ए’च्या जागी ‘ओ’ आणि ‘सी’च्या जागी ‘के’ घातला, झालं ‘ओके’! ‘ऑल राइट’चंही असंच ‘ओडब्ल्यू’ केलं होतं, ते विरून गेलं. ‘ओके’ला निवडणुकीने तारलं. १८४० मध्ये अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा उभे राहिले. किंडरहुक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहुक’. समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये ‘ओके क्लब’च काढला. ते हरले, शब्द मात्र सगळीकडे पोचला. पुढे अध्यक्ष वुड्रो विल्सन तो चोक्टॉ या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेतला मानत आणि ‘ओकेह’ लिहीत. जुनी वृत्तपत्रं चाळून १९६० च्या दशकात हा गुंता सोडवला तो कोलंबिया विद्यापीठाच्या ॲलन वॉकर रीड यांनी.

‘ओके’ म्हणजे ‘छान’, हा अर्थाबद्दलचा गैरसमज मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘ओके’ होकार देतं, कौतुक करत नाही. इंग्रजीत कुणी जेवणाला ‘ओके’ म्हटलं, तर ते जेमतेम होतं असं समजावं. पडलेल्या माणसाला ‘ओके?’ विचारतात तेव्हा ‘लागलं नाही ना?’ असं विचारायचं असतं. साहेबांनी अर्ज ‘ओके’ केला, तर मंजुरी मिळाली. वर्गात शिक्षक नुसतं ‘ओके’ म्हणाले, तर पुढचा मुद्दा सुरू.

हे सगळं आपलं ‘बरं’ कधीपासून करत आलंय. सिनेमा ‘बरा’ होता, ‘बरं’ वाटतंय का, ‘बरं, येतो मी’. ‘ओके’ला मराठी जोड शोधायची तर ‘छान’पेक्षा ‘बरं’ जवळचं.

मराठी बोलीने मात्र ‘ओके’ला वरच्या पायरीवर नेलंय. २०२२ मध्ये आमदार शहाजीबापू पाटलांनी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगर, हॉटेल सगळंच ‘ओके’ असल्याचं सांगितलं, तेव्हा महाराष्ट्राला त्यात ‘झकास’च ऐकू आलं.