अन्य शाखेचा पदवीधर आणि तत्त्वज्ञानाचा उच्च अभ्यास

चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखादा तरुण वनस्पतिशास्त्राची पदवी घेतो आणि घरी सांगतो की, पुढे तत्त्वज्ञान शिकावयाचे आहे. वडील मंडळींच्या मनात लागलीच दोन शंका उभ्या राहतात. जो विषय कधी शिकला नाही त्यात प्रवेश देणार कोण, आणि शिकून पोट भरणार कसे? दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिलीचे उत्तर इतिहासातच सापडते. गुरुदेव रा. द. रानडे ह्यांनी पदवी घेतली ती गणितात. तत्त्वज्ञानात ते एम. ए. झाले १९१४ साली, आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात त्याच विषयाचे प्राध्यापक व अखेर कुलगुरू झाले. विट्गेन्स्टाईन १९०८ साली मँचेस्टरला विमानविद्या शिकावयास गेला. तेथून गणिताच्या मूलतत्त्वांकडे वळला, आणि १९११ साली केंब्रिजला रसेलच्या दारी पोहोचला. पूर्वीच्या विद्येनेच त्याला प्रश्न पुरविला.

ह्यातच सारे मर्म आहे. अन्य शाखेतून येणाऱ्याने आपले पूर्वशिक्षण उणेपणा म्हणून लपवू नये. त्यातून उपजलेला प्रश्न हेच त्याचे भांडवल होय. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाचे उदाहरण पाहावे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ह्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि अवघड विषयाचा खल आधी अभ्यासगटात होतो. आता लॉक ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने स्वामित्वाचे मूळ श्रमात दाखविले आहे. पण जे वन कोणी लावले नाही, केवळ राखले, त्यास हे प्रमाण लागू करावे कसे? राखणे हाही श्रमच काय? वनस्पतिशास्त्राचा पदवीधर हा प्रश्न जितक्या जवळून मांडील, तितका तो इतरांस मांडता येणे कठीण.

मात्र प्रश्न सुचणे वेगळे आणि युक्तिवाद रचणे वेगळे. परदेशी विद्यापीठे अर्जासोबत बहुधा एक लेखननमुना मागतात, आणि त्यासच सर्वांत अधिक वजन असते. त्यात एकच मर्यादित सिद्धान्त घ्यावा, त्यावरील प्रबळ आक्षेप प्रामाणिकपणे मांडावा, आणि मग त्याचे निरसन करावे. थोरांची मते एकापुढे एक मांडल्याने निबंध होत नाही. शिफारसपत्रे सामान्यतः तीन लागतात. विज्ञानाचा अध्यापक विद्यार्थ्याच्या बुद्धीची ग्वाही देईल. पण तात्त्विक लेखनाविषयी सांगणारा तत्त्वज्ञानाचा अध्यापक निदान एक तरी हवा.

ह्यासाठी सोयीची वाट म्हणजे आधी आपल्याच देशात एम. ए. करणे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या तत्त्वज्ञानाच्या एम. ए. ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. तेव्हा ग्रंथालयापासून दूर, आलापल्ली-सिरोंच्याकडे राहणाऱ्यासही नोकरी न सोडता आरंभ करता येतो. पारिभाषिक शब्दांत अडखळणाऱ्यास दे. द. वाडेकर ह्यांनी संपादिलेल्या, १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड सोबतीस आहेत.

राहिली पोटाची शंका. तिला गोड उत्तर नाही. अमेरिकेत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास बहुधा वेतन मिळते, पण काळ पाच वर्षांहून अधिक जातो, नुसत्या एम. ए. चा खर्च मात्र बहुधा स्वतःसच सोसावा लागतो. येथे प्राध्यापकीसाठी नेट परीक्षेचा टप्पा असतो, आणि जागा थोड्या. म्हणून घर गहाण टाकण्यापूर्वी एक वर्ष राखून ठेवावे, त्यात एक निबंध लिहावा आणि तो जाणत्या अध्यापकास दाखवावा. वर्षभर खोडून पुन्हा लिहिण्यात ज्याचे मन रमले, त्याचा अर्ज घरच्यांनी निःशंकपणे टपालात टाकावा. ज्याचे रमले नाही, त्याचे एक वर्ष गेले, पण घर वाचले.