परसातील पाखरांचा निधी : लागवडीचा व जोपासनेचा हिशोब

पवन मावळातील तिकोणा पेठेसारख्या गावात घरामागील परस म्हणजे केवळ रिकामी जागा नव्हे. तेथे जांभूळ किंवा उंबर उभा असतो, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ वाढते, कुंपणाला करवंद व निरगुडी असते. घरच्या माणसांना सावली, फळ व भाजी देणारी ही जागा पशुपक्ष्यांचेही आश्रयस्थान असते. उंबराच्या फळांवर हरियाल व तांबट येतात. उन्हाळ्याच्या तोंडी पांगारा फुलला म्हणजे मैना व बुलबुल त्यातील मधासाठी जमतात. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान्यता पावलेल्या ‘ब्ल्यू मॉरमॉन’च्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर पोसल्या जातात. जुन्या झाडाच्या ढोलीत राहणारे गव्हाणी घुबड भाताच्या कणगीभोवतालचे उंदीर टिपते. तेव्हा परसातील जीवसृष्टीचे रक्षण ही हौसेची बाब नसून शेतीच्या हिताची बाब आहे.

पवना जलाशयाच्या परिसरात जमिनीला भाव आला, फार्महाऊस उभी राहिली, अंगणे सिमेंटची झाली आणि जुनी परसे आक्रसली. गावातील चाळीस-पन्नास घरांनी मिळून ही परसे पुन्हा पाखरांना राहण्यायोग्य करावयाची म्हटली, तर इच्छेची उणीव भासत नाही. अडचण येते ती पैशाची. आणि ती पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अधिक जाणवते.

अडचणीचे स्वरूप

सार्वजनिक पैसा बहुधा रोप लावण्यासाठी मिळतो. ते जगविण्यासाठी मिळणे कठीण असते. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. पहिल्या वर्षी २ कोटी रोपांचे लक्ष्य होते, तर शेवटच्या वर्षी ते ३३ कोटींवर गेले. अशा मोहिमेत लावलेल्या रोपांची संख्या डोळ्यांपुढे राहते. मावळात मात्र रोपाची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नाही. धो धो पाऊस पिणारी तीच जमीन होळीनंतर भेगाळते, आणि गुरांचे तोंडही त्याच सुमारास रोपापर्यंत पोहोचते.

दुसरी अडचण जागेच्या मालकीची आहे. ग्रामपंचायतीचा पैसा मुख्यतः सार्वजनिक कामांसाठी असतो. परस हे खासगी असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीतील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांवर रस्ते, दिवाबत्ती व गटारे यांचा हक्क आधी लागतो. त्यात पाखरांची पाळी शेवटी यावी, यात नवल नाही.

तिसरी अडचण क्षेत्राची आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत जांभूळ, चिंच व फणस यांचा समावेश करण्यात आला. तथापि कोकणाबाहेर किमान ०.२० हेक्टर, म्हणजे सुमारे २० गुंठे, क्षेत्राची अट होती. दोन-तीन गुंठ्यांचे परस त्यात बसत नाही. असे असले तरी या योजनेची एक रीत अनुकरणीय आहे. अनुदान एकदम न देता तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के अशा हप्त्यांनी द्यावयाचे, आणि पुढील हप्ता जिवंत झाडांची संख्या पाहून द्यावयाचा, अशी तिची रचना होती.

कारखान्यांकडून साहाय्य मिळविण्याचा मार्गही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते, व पर्यावरण-रक्षण हे त्या कार्यात मोडते. तळेगाव व चाकण येथील कारखाने मावळास जवळचे आहेत. परंतु हा पैसा कंपनी स्वतः किंवा नोंदणीकृत व पात्र संस्थेमार्फत खर्च करते. चार ग्रामस्थांच्या मंडळाच्या हाती तो थेट पडत नाही. शिवाय तो ठरावीक मुदतीचा असतो.

कायद्याने दिलेला निधी

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी, व तिच्याकडे स्थानिक जैवविविधता निधी असावा अशी तरतूद आहे. राज्याचे नियम २००८ मध्ये झाले व नागपूर येथे राज्य मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यामुळे देशभर समित्या व लोक-जैवविविधता नोंदवह्या तयार करण्याच्या कामास वेग आला. मात्र नोंदवही तयार झाली म्हणून निधीत पैसा येत नाही. कायद्यानुसार गावच्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक साधनसंपत्ती नेणाऱ्याकडून समितीस शुल्क घेता येते. राज्य मंडळाकडून अनुदानही मिळू शकते. ही दोन्ही उत्पन्ने अनियमित असतात. म्हणून या निधीस गावाच्या स्वतःच्या वर्गणीचा आधार देणे हितावह होय.

तीन वर्षांचा अंदाज

समजा, ४० घरांनी प्रत्येकी ५ याप्रमाणे २०० झाडे लावावयाचे ठरविले. मर धरून २४० रोपे, प्रत्येकी २५ रुपये दराने, ६,००० रुपयांची होतील. खत व आधाराच्या काठ्या यांस झाडामागे ३० रुपये धरल्यास आणखी ६,००० रुपये लागतील. देखरेख करणाऱ्यास दरमहा ५०० रुपये मानधन द्यावयाचे तर वर्षाला ६,००० रुपये होतील. पाणी घालणे व काटेरी कुंपण करणे हे प्रत्येक घराने स्वतः करावे. यावरून पहिल्या वर्षाचा खर्च १८,००० रुपये व पुढील प्रत्येक वर्षाचा ६,००० रुपये येतो.

दर घरामागे महिना २० रुपये वर्गणी ठेवली, तर वर्षाला ९,६०० रुपये जमतात. पहिल्या वर्षी ८,४०० रुपयांची तूट पडते. पुढील दोन वर्षांत प्रत्येकी ३,६०० रुपये शिल्लक राहतात. अनुदान किंवा देणगी मागावयाची ती या ८,४०० रुपयांच्या एकरकमी तुटीसाठीच मागावी. दरवर्षीचा खर्च वर्गणीतून भागवावा. तसे केल्यास तिसऱ्या वर्षाअखेर ७,२०० रुपये गाठीशी राहून पुढील घरांच्या परसांस हात घालता येईल. याउलट देखरेखीचे मानधन अनुदानावर अवलंबून ठेवले, तर अनुदान थांबताच देखरेख थांबते आणि पहिल्या वर्षाचे १२,००० रुपये वाया जातात. दर गावोगाव भिन्न असतील. रीत मात्र हीच ठेवावी.

अमेरिकेत नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन या संस्थेने १९७३ मध्ये परसातील वन्यजीवांसाठी असाच उपक्रम सुरू केला. अन्न, पाणी, आसरा व पिलांसाठी जागा असलेल्या परसास ती संस्था प्रमाणपत्र देते, व त्यासाठी घरमालक अल्प शुल्क भरतो. खर्चाचा मुख्य भार तेथेही घरानेच उचललेला आहे. आपल्या जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे चिंचांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरांमुळे कृषी-पर्यटनास चालना मिळाली. तिकोणा किल्ल्यावर येणाऱ्या पाहुण्यांकडून ऐच्छिक देणगी घेता येईल. परंतु पर्यटकांची ये-जा हंगामी असते, म्हणून तिला जोडधंद्याचेच स्थान द्यावे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. निधीचा हिशोब स्वतंत्र ठेवावा. प्रत्येक वर्गणीची पावती द्यावी व जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा.

२. रोपे बाहेरून आणण्याऐवजी गावातील महिला बचत गटाकडून तयार करून घ्यावीत. त्यायोगे ६,००० रुपये गावातच राहतील व ज्या कुटुंबांना स्वतःचे परस नाही त्यांनाही काम मिळेल.

३. ज्यास रोख वर्गणी देणे अवघड आहे त्याने श्रमदान करावे. वर्गणीच्या कारणाने कोणासही वगळू नये.

४. जिवंत झाडांची मोजणी दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करावी. भर उन्हाळ्यात तग धरलेले झाडच हिशोबात धरावे.

५. वानरांचा उपद्रव असलेल्या ठिकाणी फळझाडे एकाच परसात दाटीने न लावता विखरून लावावीत.

उंबर असो वा जांभूळ, पाखरांना आसरा देण्याइतके मोठे होण्यास त्यास बरीच वर्षे लागतात. कोणतेही अनुदान इतका काळ सोबत करीत नाही. सोबत करते ते घर. म्हणून रोपांसाठी खड्डे खणण्यापूर्वी ग्रामस्थांनी तीन उन्हाळ्यांच्या खर्चाची तजवीज करावी व मगच पावसाची वाट पाहावी.