खटल्याच्या नावात नसलेली मुलगी

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असतं. तुकाराम म्हणजे आरोपी हेड कॉन्स्टेबल. ज्या मुलीमुळे हा खटला उभा राहिला, तिचा या नावात पत्ता नाही. फौजदारी खटल्यात एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. जिच्यावर गुन्हा घडला ती सरकार पक्षाची साक्षीदार. समन्स निघालं की हजर व्हायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, मग घरी जायचं. (तिचं नाव मीही इथे लिहिणार नाही. कारण पुढे येईलच.)

२६ मार्च १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. चौदा ते सोळा वर्षांची, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी आदिवासी मुलगी भावाच्याच एका तक्रारीवरून रात्री पोलीस ठाण्यात आली. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला मात्र थांबवून घेतलं. बाहेर लोक जमले, ठाणं पेटवून देण्याची भाषा झाली, तेव्हा कुठे दोन पोलिसांविरुद्ध अत्याचाराची फिर्याद लिहून घेतली गेली.

१ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघाही पोलिसांना सोडलं आणि वर मुलीलाच खोटारडी ठरवलं. या निकालावर अपील करण्याचा हक्क तिला नव्हता. अपील झालं आणि १२ ऑक्टोबर १९७६ रोजी नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे राजीखुशी नव्हे, हे त्या न्यायमूर्तींना कळलं होतं. कॉन्स्टेबल गणपतला पाच वर्षांची आणि तुकारामला एका वर्षाची शिक्षा झाली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा पटत नाही, म्हणजे तिची संमतीच असणार, असा एकूण तर्क.

प्रकरण इथेच संपायचं. निकालपत्रं छापली जातात, बांधली जातात, कपाटात जातात. हे निकालपत्र मात्र कायद्याच्या चार प्राध्यापकांनी हातात पेन्सिल घेऊन वाचलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. त्यांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. सरन्यायाधीश तेव्हा यशवंत विष्णु चंद्रचूड, म्हणजे आपल्या पुण्याचेच.

ते पत्र आजही वाचवतं, कारण त्यातला राग मुद्द्यावरून ढळत नाही. संमतीत शरण जाणं असतंच, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती नसते, हा त्याचा कणा. रात्रीच्या वेळी, दार लावलेल्या पोलीस ठाण्यात, दोन वर्दीवाल्यांसमोर एका गरीब पोरीने ‘नाही’ म्हणायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला पडला कसा नाही, असं ते विचारतात. पुढे तर सुचवतात की न्यायमूर्तींनी ओळख लपवून, गरिबाच्या वेशात, देसाईगंजच्या आसपासच्या ठाण्यांमध्ये एकदा जाऊन पाहावं. माझ्या मते सगळ्या पत्रातली सर्वात धारदार जागा हीच.

या चौघांपैकी मला धगमवारांचं विशेष वाटतं. कायदा गावात पोचतो तेव्हा त्याचं काय होतं, हे त्यांनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या आदिवासींमध्ये काम करताना पाहिलेलं होतं. पुढे १९८५ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली. लतिकाबाईंनी ‘समानतेकडे’ हा १९७४ चा स्त्रियांच्या स्थितीवरचा सरकारी अहवाल तयार करणाऱ्या समितीत काम केलं होतं. केळकरांचं फौजदारी प्रक्रियेवरचं पुस्तक विद्यार्थी अजून उघडतात.

पत्राची दखल लगेच कुणी घेतली नाही. मग वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि ८ मार्च १९८० रोजी मुंबई, दिल्ली, नागपूर, पुणे अशा शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. नागपुरात सीमा साखरे यांच्या स्त्री अत्याचार विरोधी परिषदेने हा विषय धरून ठेवला. फेरविचाराची याचिका मात्र फेटाळली गेली. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय तेच गृहीत धरेल, अशी तरतूद झाली. सुनावणी बंद दालनात होऊ लागली. पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरला. मी ते गाळलं ते यासाठी. ज्या मुलीमुळे हे सगळं झालं तिला मात्र यातलं काहीच मिळालं नाही. तिचा निकाल लागून गेला होता.

आणि पत्र लिहिणाऱ्यांना? आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि मानपत्र. पत्र लिहिणाऱ्याला शाल कधी पांघरायची? बक्षींना पद्मश्री मिळाली ती २०११ साली, पत्रानंतर बत्तीस वर्षांनी. आणि सत्कार वेळेवर झाला तरी न्याय त्याच्यामागून येतोच असं नाही. मुंबईत वाढलेली हवाईसुंदरी नीरजा भनोत १९८६ मध्ये कराचीच्या विमानतळावर अपहरणकर्त्यांच्या गोळीला बळी पडली. तिच्या आईवडिलांनी विम्याच्या पैशातून पुरस्कार सुरू केला. अन्यायाला तोंड देऊन इतर बायकांच्या मदतीला उभ्या राहणाऱ्या स्त्रीसाठी. १९९४ मध्ये तो राजस्थानातल्या भंवरीदेवींना मिळाला. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता. पुरस्काराच्या पुढच्याच वर्षी जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केलं. त्यांच्या प्रकरणातून १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्या निकालाचं नाव ‘विशाखा’, याचिका करणाऱ्या संस्थेवरून. म्हणजे नावात इथेही दुसरंच कुणी.

देसाईगंजच्या निकालात एक वैद्यकीय तपशील आहे, बोटांनी केलेल्या तपासणीचा. त्यावरून मुलीला ‘सवय’ असल्याचा अर्थ काढला गेला. हीच तपासणी पुढे कित्येक वर्षं सरकारी दवाखान्यांत होत राहिली. या तपासणीतली खोट दाखवली ती विदर्भातल्याच एका डॉक्टरने. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ इंद्रजित खांडेकर यांनी २०१० च्या सुमारास बलात्कार पीडितांच्या तपासण्या कशा होतात याचा मोठा अहवाल लिहिला आणि प्रश्न नागपूर खंडपीठात गेला. हे काम म्हणजे फॉर्मवरचे रकाने वाचायचे, कुठला रकाना बाईची बदनामी करतो ते दाखवायचं आणि नवा फॉर्म मागायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल, असं बजावलं.

मधल्या काळात फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या शब्दाला व्याख्या मिळाली. ३१ डिसेंबर २००९ पासून आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं, भरपाईची योजना राज्यांवर बंधनकारक झाली. महाराष्ट्राची ‘मनोधैर्य’ २०१३ ची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायचं आहे.

खटल्यांना नावं देण्याची पद्धत तेवढी तशीच आहे. एका बाजूला राज्य, दुसऱ्या बाजूला आरोपी.